पोरगं ऑस्ट्रेलियाला चाललंय, विमा कुठला काढू?

‘वर्क अँड हॉलिडे’ असं त्या व्हिसाचं नाव आहे. आमच्या तासगाव तालुक्यात त्यातला ‘हॉलिडे’ तेवढा ऐकू येतो, ‘वर्क’ कुणी उच्चारत नाही. पोरगं ऑस्ट्रेलियाला फिरायला चाललंय, जमलं तर जरा काम बघणार, असं पाहुण्यारावळ्यांत सांगितलं जातं. विम्याच्या फॉर्मवरही मग तेच लिहिलं जातं, आणि घोळ तिथनं सुरू होतो. म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांच्या घरातलं कुणी जाणार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचलं तर बिघडत नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. त्यात ठरल्याप्रमाणं ऑस्ट्रेलियानं भारतीय तरुणांसाठी वर्षाला १००० जागा ठेवल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्यांदा नावं मागवली. पद्धत लॉटरीची. २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरायचे आणि चिठ्ठीत नाव टाकायचं. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, आणि सुरुवातीच्या खर्चाला साधारण ५००० डॉलर जवळ असल्याचा पुरावा. नाव लागलं आणि व्हिसा मिळाला तर १२ महिने तिथं राहायचं, हिंडायचं, आणि खर्च भागवायला काम करायचं. एका मालकाकडं सहसा सहा महिन्यांच्या वर नाही. हजार जागांसाठी पहिल्या पंधरा दिवसांतच चाळीस हजार नावं आली होती. त्यावरनं भूक केवढी आहे ते समजा.

माझ्या भाच्याचं नाव लागलं. बी.एस्सी. ॲग्री झालाय, वय २३, एम.एस्सी.च्या आधी एक वर्ष बाहेर काढायचं ठरवलंय. आमच्याकडं ‘गॅप’ म्हटलं की एमपीएससीचा गॅप, त्यामुळं हा वेगळा गॅप घरच्यांना पचायलाच महिना गेला. तो मिल्डुरा भागात जाणार आहे. व्हिक्टोरिया राज्यात मरे नदीच्या काठी द्राक्ष, बेदाणा आणि संत्र्यांचा पट्टा आहे. म्हणजे तासगावातनं निघून तासगावातच पोचल्यासारखं. आपण ज्याला थॉमसन म्हणतो त्याला ते सुलताना म्हणतात, आणि आपल्या बेदाणा शेडवर द्राक्षं ज्या डिपिंग ऑइलमध्ये बुडवून रॅकवर टाकतात ती पद्धतही तिकडचीच. दाजींना यातली फक्त ही शेवटची गोष्ट पटली.

तालुक्याच्या गावात पत्रकार असलं की सात-बाऱ्यापासून पासपोर्टपर्यंत सगळं याला कळतं असं नातेवाइकांचं मत असतं. बहीण म्हणाली, “दादा, इमा तेवढा तू बघ.” मी डिप्लोमा पत्रकारितेचा केलाय, विम्याचा नाही, पण बसलो. तीन आठवडे रात्रीचं जेवण झालं की पॉलिसीच्या अटी वाचायच्या, असा उद्योग केला.

बहिणीचं म्हणणं होतं, शासनाचं पाच लाखांचं कार्ड आहे की. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे खरी आणि चांगली आहे, पण ती योजनेच्या यादीतल्या रुग्णालयांत चालते. मिल्डुऱ्यातलं रुग्णालय त्या यादीत नाही. दाजींनी कपाटातनं फॅमिली मेडिक्लेमची फाइल काढली. तीही भारतातल्या उपचारांसाठी. या दोन गोष्टी पाच मिनिटांत संपल्या.

तिसरा सल्ला आमच्या ओळखीच्या एजंटाचा. माणूस सज्जन आहे, वेळेला धावून येतो, म्हणून त्याच्यावर राग नाही. तो म्हणाला, “सर, ट्रॅव्हल पॉलिसी करून टाकू. पन्नास हजार डॉलरची. फॉर्मवर ‘हॉलिडे’ला टिक करायचं, दहा मिनिटांत पीडीएफ मोबाइलवर.” स्वस्तही होती.

मी म्हटलं, पीडीएफ आधी बघू. एक पान वेळापत्रकाचं, त्यावर मोठ्या अक्षरात पन्नास हजार डॉलर. त्याच्यामागं चाळीसेक पानं बारीक अक्षरात. तशा चार कंपन्यांच्या अटी वाचल्या. शब्द थोडे वेगळे, मतितार्थ सारखा. एका प्रवासाला जास्तीत जास्त १८० दिवस, मग वाढवून घ्यायची तर कंपनीच्या मर्जीनं. पॉलिसी भारत सोडण्याआधीच घेतलेली पाहिजे. आणि ‘काय मिळणार नाही’ या भागात, साहसी खेळ आणि दारू पिऊन झालेल्या अपघाताच्या शेजारी, एक ओळ: अंगमेहनतीचं किंवा धोक्याचं काम करताना झालेली इजा. म्हणजे पोरगं वर्षभर जे करणार, नेमकं तेच बाहेर.

विद्यार्थ्यांसाठी वेगळी पॉलिसी असते, ती वर्ष-दोन वर्षं चालते. तिला तिकडच्या कॉलेजचं प्रवेशपत्र लागतं. कंपनीनं पाठवलेल्या नोकरदाराला कंपनीची ग्रुप पॉलिसी असते. भाचा ना विद्यार्थी, ना कंपनीचा माणूस, ना पर्यटक. आपल्याकडच्या विमा बाजारात या पोराचा खणच नाही. मग ज्या खणात कोंबता येईल त्यात कोंबायचं, असं चाललंय.

कोंबल्यावर काय होतं ते मी बघून आलोय. शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा आधीच्या एका फेरीत गेला होता. त्याची बातमी करायला म्हणून गेलो, पण घरच्यांनी नाव छापू नका म्हणून हात जोडले, त्यामुळं इथंही नाव-गाव देत नाही. संत्री तोडायला होता. खांद्याला पिशवी अडकवून शिडीवर चढायचं, पिशवी भरली की उतरायचं. भरल्या पिशवीसकट शिडी सरकली आणि मनगट मोडलं. मालकाकडं थेट कामाला नव्हता, मध्ये मुकादम होता, तिकडं त्याला लेबर हायर म्हणतात. मुकादमानं कामावर घेतानाच एबीएन काढायला लावला होता. एबीएन म्हणजे स्वतंत्र धंदा करणाऱ्याचा नंबर. मनगट मोडल्यावर मुकादम म्हणाला, तू माझा कामगार नाहीस, तू स्वतंत्र कंत्राटदार आहेस, तुझं तू बघ. आपल्याकडच्या विमा कंपनीला कळवलं तर तिनं लिहिलं, तुम्ही अंगमेहनतीचं काम करत होतात आणि अर्जात प्रवासाचा हेतू सुट्टी असा दिलाय, सबब दावा मंजूर करता येत नाही. ही दोन्ही उत्तरं त्याच्या वडिलांनी एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलीत. एक कागद सांगतो पोरगा मजूर नव्हता. दुसरा सांगतो मजूर होता.

तिथं प्लॅस्टर घालून, खर्च मित्रांकडनं उसना घेऊन तो परत आला आणि मनगटाची शस्त्रक्रिया मिरजेत झाली. तो खर्च मात्र वडिलांच्या जुन्या मेडिक्लेममधनं निघाला, कारण मधल्या काळात नूतनीकरण आलं तेव्हा ‘पोरगं इथं नाही तर त्याचा हप्ता कशाला’ या सल्ल्याकडं वडिलांनी लक्ष दिलं नव्हतं. हे आधी लिहून घ्या. मुलगा परदेशी गेला म्हणून घरच्या मेडिक्लेममधनं त्याचं नाव काढू नका. मोडकं हाड घेऊन माणूस शेवटी घरीच येतो. आणि नाव एकदा काढून पुन्हा घालायचं तर प्रतीक्षा काळ पहिल्यापासून मोजतात.

आता त्या मुकादमाच्या उत्तराकडं येतो, कारण विमा निवडताना सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी माहिती तिथं आहे आणि ती कुठलाच एजंट सांगत नाही. सांगून त्याला कमिशन मिळत नाही.

ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्यात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आहे, वर्कर्स कॉम्पेन्सेशन. मालकानं स्वतःच्या पैशानं कामगारांचा विमा उतरवायचा, ही सक्ती आहे. काम करताना इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग त्यातनं मिळतो. चूक कुणाची, हे सिद्ध करत बसावं लागत नाही. कामगार कायम आहे की रोजंदारीवर, ऑस्ट्रेलियन आहे की व्हिसावर आलेला, यानं फरक पडत नाही. म्हणजे कामावरच्या अपघाताचा विमा भाच्याला विकत घ्यायचाच नाहीये, तो मालकानं घेतलेला असायला पाहिजे. फक्त अट एकच, भाचा कागदावर कामगार असला पाहिजे.

म्हणून एबीएन. कामगाराला लागतो तो टीएफएन, म्हणजे कराचा नंबर. मालक तो मागतो, पगाराची पावती देतो, पगारातनं कर कापतो. या व्हिसावाल्यांना पहिल्या ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के. शिवाय सुपर नावाचा आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखा निधी भरतो. (हा निधी देश सोडताना परत मागता येतो, पण या व्हिसावाल्यांच्या रकमेतनं ६५ टक्के कर जातो, म्हणून त्यावर घर बांधायचं स्वप्न बघू नका.) फळतोडणीच्या पोराला जो कुणी ‘टीएफएन नको, एबीएन काढ’ म्हणतो, तो बहुतेक वेळा विमा, सुपर आणि किमान वेतन एका फटक्यात टाळत असतो. कामगाराला खोटा कंत्राटदार दाखवणं तिथं बेकायदेशीर आहे. नावाला कंत्राटदार असला तरी राज्याचा कायदा काही वेळा त्याला कामगारच धरतो आणि भरपाई मिळते. त्या मुलाला हे कुणी सांगितलंच नाही. तो तेवीस वर्षांचा, एक हात गळ्यात, खोलीचं भाडं थकलेलं. त्याला वाटलं आपलंच चुकलं, आणि तो विमानात बसला.

व्हिक्टोरियात मुकादमाला सरकारी परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ऑनलाइन आहे, ती तासगावात बसूनही बघता येते. भाच्यानं ज्या तिघांशी बोलणं केलं होतं त्यांतला एक त्या यादीत सापडला नाही. त्याचं नाव कट केलं. हे काम दहा मिनिटांचं होतं आणि माझ्या मते कुठल्याही पॉलिसीपेक्षा मोलाचं.

पण कामावरचा विमा कामापुरता. रविवारी खोलीवर झोपलेला असताना अपेंडिक्स दुखायला लागलं तर मालकाचा काही संबंध नाही. त्यासाठी आरोग्य विमा वेगळा लागतो. इथं इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून फसायला होतं. वर्षभर काम करत हिंडणाऱ्यांचे ढिगानं व्हिडिओ आहेत, बरेचसे ब्रिटिश आणि आयरिश पोरांचे. त्यातली काही सांगतात, साधी ट्रॅव्हल पॉलिसी पुरते, सरकारी दवाखान्यात भागतं. त्यांचं भागतं, कारण ब्रिटन, आयर्लंड, इटली, स्वीडन अशा ११ देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार आहे. त्या देशांच्या नागरिकांना तातडीच्या उपचारांसाठी तिथली मेडिकेअर लागू होते. भारत त्या यादीत नाही. मेडिकेअर नसलेल्या माणसाला तिथलं सरकारी रुग्णालयही पूर्ण बिल लावतं. रुग्णवाहिकासुद्धा फुकट नाही, एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या पुढं सहज जातं. डॉलर साठ रुपयांच्या आसपास धरा आणि तुम्हीच गुणाकार करा.

गंमत अशी की विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला आरोग्य विम्याची सक्ती आहे. या व्हिसाच्या माहितीत मात्र विमा घ्या अशी शिफारस आहे, आणि तुमच्या उपचाराचा खर्च तुमचा तुम्ही करायचा असं स्पष्ट लिहिलंय. शिफारस म्हटलं की आपल्याकडं ते न वाचण्याचं कलम समजतात.

यावर उपाय तिथल्याच विमा कंपन्यांकडं आहे. परदेशातनं तात्पुरतं आलेल्यांसाठी त्या आरोग्य विमा विकतात, ओव्हरसीज व्हिजिटर्स हेल्थ कव्हर. तुम्ही काम करता की फिरता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, आजारी पडलात की नाही एवढंच. महिन्याच्या हप्त्यानं भरता येतो, परत आल्यावर बंद करता येतो, १८० दिवसांची कटकट नाही. काम बदललं तरी तोच चालतो. हे महत्त्वाचं, कारण भाचा चार महिने द्राक्षात, मग मेलबर्नला एखाद्या कॅफेत, मग आणखी कुठं असेल. त्याला ज्या योजनेचा भाव मिळाला तो महिन्याला शंभर डॉलरच्या आत आहे. आमच्या एजंटाच्या पॉलिसीपेक्षा हे बरंच महाग पडतं, लपवत नाही.

त्यातही बारकावे आहेत. आधीपासून असलेल्या आजाराला सहसा बारा महिने थांबावं लागतं, म्हणजे बारा महिन्यांच्या व्हिसावर गेलेल्याला ते जवळपास मिळतच नाही. दमा, मूळव्याध, जुनं गुडघ्याचं दुखणं असलं तर त्याचा खर्च मनात वेगळा धरा. सगळ्यात स्वस्त योजनेत डॉक्टरची फी मेडिकेअरच्या ठरावीक दराइतकीच मिळते, डॉक्टरनं जास्त घेतले तर वरचे आपल्या खिशातनं. दाताचं काही मिळत नाही, जाण्याआधी सांगलीत दात दाखवून घ्या. रुग्णवाहिका आहे का ते नाव घेऊन विचारा. आणि आणखी एक गोष्ट विचारायची, जी आईसमोर विचारता येत नाही. माणूस गेला तर त्याला घरी आणायचा खर्च यात आहे का. काही योजनांत आहे, काहींत नाही. मी तो प्रश्न भाच्याला बाहेर अंगणात नेऊन समजावला. परक्या देशात अडकलेल्यांसाठी भारतीय दूतावासांकडं २००९ पासून एक कल्याण निधी आहे, कुटुंबाची ऐपत नसेल तर मृतदेह आणण्याला त्यातनं मदत होते. पण ती गरज पाहून, अर्ज करून. त्याच्या भरवशावर जाऊ नये.

तिकडच्या कुणी सांगितलं की सुपरच्या खात्यात जीवन विमा आपोआप असतो, तर तेही तपासा. २०२० पासून पंचवीसच्या आतल्यांना तो साधारणपणे आपोआप लागू होत नाही, मागून घ्यावा लागतो.

इथपर्यंत सगळं गणिताचं होतं. अडलं ते पुढं. आरोग्य विमा तिकडचा, कामावरचा मालकाचा, पण कायमचं अपंगत्व आलं तर हातात काही एकरकमी रक्कम असावी म्हणून आपल्याकडची एक वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यायचं ठरलं. जगात कुठंही चालणारी मिळते, हप्ताही फार नसतो. तिच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो, आणि हप्ता त्यावर ठरतो. टेबलावर काम करणाऱ्याला कमी, अंगमेहनत करणाऱ्याला जास्त. मी भाच्याला विचारून लिहायला लागलो, शेतमजूर, फळतोडणी.

दाजी उठून उभे राहिले. “मजूर लिहू नका पाव्हणं.”

मी म्हटलं, “दाजी, मग काय लिहू?”

“ॲग्री ग्रॅज्युएट लिवा. नायतर शेतकरी लिवा. खोटं हाय का ते?”

खोटं नव्हतं. दाजींची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. छाटणीला, विरळणीला त्यांच्याकडं टोळी येते. बांधावर उभं राहून टोळीवर लक्ष ठेवणं हे भाच्याचं लहानपणापासूनचं काम. त्या घरात मजूर हा शब्द नेहमी दुसऱ्याबद्दल वापरलेला. आणि आता साडेपाच लाख खर्च करून (व्हिसा, विमान, दाखवायचे डॉलर सगळं धरून) पोरगं दुसऱ्याच्या बागेत द्राक्षं तोडायला जाणार, हे फॉर्मवर निळ्या शाईत लिहून द्यायचं. शेजारच्या तालुक्यातल्या त्या मुलाच्या फॉर्मवर ‘सुट्टी’ कुणी लिहिली असेल, एजंटानं की बापानं, हे मला त्या क्षणी कळल्यासारखं झालं.

भाचाच म्हणाला, “पप्पा, मी तिथं फळं तोडायला चाललोय. मजूर नको तर काय मालक लिहायचं?”

दाजी बाहेर जाऊन बसले. बहिणीनं चहा टाकला. फॉर्मवर शेतमजूर लिहिलं, हप्ता थोडा वाढला, सही झाली.

तासाभरानं दाजी परत आत आले आणि म्हणाले, आपल्या टोळीतली एक बाई दोन वर्षांपूर्वी मांडवाची तार तुटून पडली होती, तिला काय मिळालं असतं? मी म्हटलं, तुम्ही काय दिलं? म्हणाले, दवाखान्याचे दिले आणि घरी बसली तेवढे दिवस अर्धी मजुरी दिली. आमच्या भागात हे चांगल्यात जमा आहे. शेतकऱ्यासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजना आहे. मृत्यू झाला तर दोन लाख, एक अवयव गेला तर एक लाख. पण ती सात-बाऱ्यावर नाव असलेल्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी. टोळीतल्या बाईचं नाव कुठल्याच सात-बाऱ्यावर नाही. दाजींचा मुलगा मिल्डुऱ्यात मजूर म्हणून उभा राहिला तर कायद्यानं त्याचा जो हक्क आहे, तो दाजींच्या स्वतःच्या बागेत त्या बाईला व्यवहारात कधी मिळालेला नाही. हे मी बोललो नाही. दाजी तेच मोजत होते असं वाटलं. टोळीतल्या किती जणांची बँकेत २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चालू आहे ते बघायला त्यांनी दुसऱ्या दिवशी पासबुकं मागवली. तिघांची चालू होती, त्यांतल्या दोघांना माहीतच नव्हतं.

आता सरकारबद्दल थोडं, कारण पोस्ट सार्वजनिक आहे. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना आहे. २७५ रुपयांत दोन वर्षं किंवा ३७५ रुपयांत तीन वर्षं, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाख, शिवाय उपचार, परत आणणं, कोर्टखर्च यासाठी ठरावीक रकमा. एवढ्या पैशात एवढं कुठलीच खासगी पॉलिसी देत नाही. पण ती सक्तीची आहे ती दहावी न झालेल्यांना, ज्यांच्या पासपोर्टवर तसा शिक्का असतो त्यांना, आणि आखात, मलेशिया अशा ठरावीक १८ देशांत जाताना. कल्पना अशी की शिकलेला माणूस आपलं आपण बघून घेईल आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशात जाणारा तर नक्कीच.

१९८३ च्या कायद्यामागची ही कल्पना तेव्हा बरोबरही असेल. आज बी.एस्सी. झालेलं पोरगं शिडीवर चढून संत्री तोडतंय आणि त्याच्या खिशात पर्यटकाची पॉलिसी आहे. चाळीस पानांच्या इंग्रजी अटी दहावी नापास माणसाला जेवढ्या कळतात तेवढ्याच पदवीधरालाही, मी तीन आठवडे खर्च केलेत म्हणून सांगतो. दोन सरकारं बसून हजार जागांचा करार करतात, तेव्हा हजार पोरांसाठी एक साधी, सक्तीची, मजुरी धरून चालणारी पॉलिसी विमा कंपन्यांकडनं करून घेणं अवघड नव्हतं. हजारच तर आहेत. आमच्या एका साखर कारखान्याच्या सभासदांपेक्षा कमी.

जे विचारतील त्यांच्यासाठी, आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. तिकडचा आरोग्य विमा, मधली योजना, रुग्णवाहिका आणि मृतदेह आणण्याच्या खर्चासह, विमान उतरतं त्या तारखेपासून चालू. इकडची अपघात पॉलिसी, शेतमजूर लिहून. घरचा मेडिक्लेम तसाच. प्रवासाच्या दिवसांसाठी छोटी ट्रॅव्हल पॉलिसी, सामान हरवलं, विमान चुकलं यापुरती, त्यावर भरवसा नाही. सही करण्याआधी प्रत्येक कंपनीला एकच प्रश्न ईमेलनं विचारला: हा मुलगा पगार घेऊन फळतोडणी करणार आहे, ते करताना इजा झाली तर तुम्ही पैसे देणार का, हो किंवा नाही. इकडच्या दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकानं फोन करून गोड बोलून ‘हो’ म्हटलं, पण लिहून द्या म्हटल्यावर गप्प झाला. फोनवरच्या ‘हो’चा दाव्याच्या वेळी काही उपयोग नसतो. ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याकडनंच घेतलं. आणि हो, आरोग्य विम्यासोबत आपल्याकडच्या कंपनीनं सोप्या भाषेतलं माहितीपत्रक द्यायचं असतं, आणि मागितलं तर स्थानिक भाषेत. मराठीत मागा. मी मागितलं तेव्हा पलीकडच्या मुलीनं दोनदा विचारलं, “मराठीत?” पण चार दिवसांनी आलं.

राहिला शेजारच्या तालुक्यातला मुलगा. त्यानं विमा कंपनीकडं लेखी तक्रार केलीय. एक महिन्यात समाधानकारक उत्तर आलं नाही तर पुण्याला विमा लोकपालांकडं जाता येतं, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं तिथं चालतात, फी नाही, वकील लागत नाही. फॉर्मवर ‘सुट्टी’ लिहिलेलं असल्यानं प्रकरण सोपं नाही, हे त्यालाही सांगितलंय. दुसरा अर्ज व्हिक्टोरियाच्या कामगार भरपाई यंत्रणेकडं, मुकादमानं कंत्राटदार म्हणून दाखवलं तरी मी कामगारच होतो म्हणून. त्यासाठी त्याच्याकडं मुकादमाचे व्हॉट्सॲप संदेश आहेत: उद्या साडेपाचला गेटवर ये, अमुक ओळी तुझ्या, पिशवी आणि शिडी आमची. ते स्क्रीनशॉट आम्ही दोघांनी परवा रात्री तारखेनुसार लावले, एकूण ६२ भरले. त्याचा उजवा हात अजून पुरता वळत नाही, टायपिंग मी केलं. उत्तर आलं की इथंच टाकतो.